नववी फुली

“किनारा आधी, पोरा. किनारा आधी.”

बाबांना, वॉल्टर इमरींना, जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरी गॅव्हिनने तांब्याच्या पत्र्यावर कोरणी टेकवली की तो आवाज त्याच्या डाव्या खांद्यामागून यायचा, तंबाखूच्या वासासकट. बारा वर्षांच्या पोराचा हात आपल्या हातात धरून बाबा गुणगुणायचे. लीथ बंदराच्या धक्क्यावर हेरिंग मासे चिरताना बायका ज्या चालीवर गातात, त्याच चालीवर:

आधी किनारा, मग नदीची वाट,
मग हळू हातानं डोंगराची पाठ;
गावाचं नाव ये सगळ्यांच्या अंती,
ठाऊक नाही तिथं राहू दे कोरी माती.

“कोरी जागा म्हणजे लाज नव्हे रे,” बाबा म्हणायचे. “न पाहिलेली नदी कोरली, ती लाज.”

आज रविवार होता, आणि इमरींच्या घरात रविवारी रंग कालवला जात होता.

हे वाक्य इतकं सरळ लिहून टाकण्यासारखं नाही. या घरात रविवारी कोरणीला धार लावायची नाही, शीळ घालायची नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. रस्सा शनिवारीच शिजवून ठेवायचा, रविवारी फक्त कोमट करायचा. गॅव्हिन नऊ वर्षांचा असताना रविवारी पतंग घेऊन निघाला होता. आईने तो दारातच त्याच्या हातून घेतला आणि त्याच्यादेखत चुलीत घातला. शेपटी शेवटी जळाली. ती त्याला अजून दिसायची.

आणि आज चर्चमधून आल्याबरोबर त्याच आईने, मार्जरी इमरीने, रस्त्याकडचे पडदे खाली ओढले, हातमोजे काढले आणि लेकीला, एफीला, सांगितलं, “काढ तुझे रंग. देव बघेल ते बघेल, शेजारच्यांनी बघायला नको.”

कारण धाकटा मुलगा निनियन सोळा वर्षांनी घरी आला होता.

गॅव्हिन खाली नकाशे कोरायच्या कारखान्यात एकटाच उभा होता. काल संध्याकाळी काढलेली छाप दोरीवर वाळत होती. पश्चिम आफ्रिकेचा किनारा, इबोरा नदीचं मुख, त्यातून फुटत जाणारी पाण्याची नसन्‌नस, सगळं त्याने निनियनने आधीच धाडलेल्या कागदांवरून तीन आठवड्यांत कोरलं होतं. उलटं. तांब्यावर सगळं उलटंच कोरावं लागतं, उजवं ते डावं, डावं ते उजवं. तेव्हा कागदावर जग सुलट उमटतं. अडतीस वर्षांच्या आयुष्यात त्याने असे चौदा समुद्र कोरले होते आणि फोर्थच्या खाडीपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. छाती कच्ची, म्हणून.

नकाशाच्या आडवं, नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं, अक्षरा-अक्षरात बोटभर अंतर ठेवून कोरलेलं नाव होतं: इमरी लँड. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, भिंग लावल्याशिवाय दिसू नये इतकं बारीक: ‘कोरणारा, गॅ. इमरी, लीथ’.

तेही त्याने सोसलं असतं. पण समासात निनियनने नऊ फुल्या कोरून घेतल्या होत्या. तिथल्या नऊ सरदारांनी मुलूख लिहून देताना करारनाम्यांवर स्वतःच्या हाताने मारलेल्या नऊ फुल्या, जशाच्या तशा. लंडनच्या व्यापारी कंपनीला त्या हव्या होत्या. पुढच्या महिन्यात आफ्रिकेचे वाटे ठरवायला बर्लिनला सगळ्या राजांचे वकील जमणार होते, आणि तिथे टेबलावर पसरायला नकाशा उद्या सकाळच्या गाडीने निघायलाच हवा होता.

आठ फुल्या आठ तऱ्हेच्या होत्या. एक कुऱ्हाडीच्या घावासारखी, एक थरथरती, एक इतकी नाजूक की मारणाऱ्याने लेखणी पहिल्यांदाच धरली असावी. त्या कोरताना गॅव्हिनला आठ अनोळखी माणसांचे हात हातात धरल्यासारखं वाटलं होतं.

नवव्या फुलीशी त्याचा हात गुरुवारी थांबला. तेव्हापासून त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं.

“गॅव्हिन!” वरून आईची हाक आली. “थंडीत उभा राहू नकोस, छाती भरेल! निनियन ताटावर खोळंबलाय!”

बोलावणं त्याला होतं. नाव मात्र निनियनचं.

*

ग्रिझेलने रस्सा वाढला. चौदा वर्षं ती या घरात गॅव्हिनची बायको म्हणून वावरत होती, पण चहाच्या डब्याची किल्ली अजून सासूच्या कमरेला होती. आज सकाळी ती किल्ली टेबलावर पडलेली तिने पाहिली. निनियनला पहाटे चहा लागतो म्हणे. चार दिवसांत धाकट्याला किल्ली मिळाली.

तरी ग्रिझेलला निनियनचा राग येत नव्हता. त्याने येताना तिच्यासाठी निळं सुती कापड आणलं होतं, त्या नदीकाठच्या बायकांनी विणलेलं, अंधारातल्या पाण्यासारखं गडद. आणि एफीसाठी काहीच नाही. एफीने काल ते कापड दोन बोटांत धरून पाहिलं होतं आणि म्हणाली होती, “रंग टिकायचा नाही.” टिकला असता. रंगांतलं एफीला सगळं कळत होतं.

“वहिनी, थोडी बार्ली जास्त घाल गं,” निनियन म्हणाला. चौतिशीत त्याचे केस पिकले होते, तापाने डोळे पिवळे झाले होते आणि चुलीशेजारी बसूनही अंगावरचा जाड कोट त्याने काढला नव्हता. “तिकडे असताना मला सोनं नको वाटायचं, राणीचं पदक नको वाटायचं. आईच्या हातचा बार्लीचा रस्सा हवासा वाटायचा.”

“मी केलाय,” ग्रिझेल म्हणाली.

“शिकवलाय मी,” मार्जरीबाई म्हणाल्या.

एफी फसकन हसली. गॅव्हिन येऊन बसला आणि मान खाली घालून जेवू लागला. गळपट्टीच्या आतून त्याच्या उबदार फ्लॅनेलच्या बंडीची लाल कड दिसत होती.

“अजून तेच फ्लॅनेल?” निनियनने डोळा मारला. “अन् हंसाची चरबी? आई, अजून चोळतेस का गं याच्या छातीला?”

“ऑक्टोबर लागला की चोळते. तुला काय करायचंय?”

“काही नाही. हंसांची दया येते.”

सगळे हसले. गॅव्हिनही हसला, पण त्याचा चमचा ताटाच्या कडेला जोरात लागला. ग्रिझेलने ते ऐकलं. नवऱ्याचं मन तिला चेहऱ्यावरून कधी कळलं नाही, भांड्यांच्या आवाजावरून कळायचं.

“भावोजी, एक विचारू?” ती घाईने म्हणाली. “एवढ्या लांब जायचं, ताप काढायचे, माणसं पुरायची. कशासाठी हो? चर्चमध्ये सांगतात, गुलामांचा बाजार बंद करायला. वर्तमानपत्रात लिहितात, व्यापारासाठी. खरं काय?”

निनियनने पाव मोडला. “सगळंच खरं आहे, वहिनी. लंडनमध्ये एकाला साबणासाठी ताडाचं तेल हवंय. दुसऱ्याला बायबल पोचवायचंय. तिसऱ्याला आपल्या बिनकामाच्या भाच्याला कुठेतरी साहेब करायचाय. आणि गुलामांची दया येणारी माणसंही आहेत हं, खोटं कशाला बोलू, मी स्वतः पायातल्या बेड्या तोडल्यात. पण नकाशा पसरला ना, की हे सगळे एकच प्रश्न विचारतात.”

“कुठला?”

“फ्रेंच कुठवर आलेत?”

“म्हणजे नाताळच्या गोड डम्पलिंगसारखं,” एफी म्हणाली.

“काय?”

“आठवत नाही? नाताळात शेवटचा तुकडा उरायचा. तुला नकोच असायचा, पोट टम्म फुगलेलं. पण गॅव्हिनचा हात ताटलीकडे गेला रे गेला की तू झडप घालायचास. मग तुला उलटी व्हायची.”

“एफी! जेवताना!” मार्जरीबाई ओरडल्या, पण हसू दाबत.

“आणि मिळायचा कुणाला तुकडा?” गॅव्हिन पहिल्यांदाच बोलला.

“धाकटा होता तो,” मार्जरीबाई म्हणाल्या.

“हो. धाकटा होता.”

ताटलीवरून चमचे सरकले. ग्रिझेलने पट्‌कन विषय बदलला. “कंपनीचे सगळे नकाशे आता आपल्याकडेच येतील, हो ना भावोजी? म्हणाला होतात तुम्ही.” तिच्या डोळ्यांपुढे वर, एडिनबरोतल्या नव्या वस्तीतलं घर होतं. मोठ्या खिडक्यांचं. स्वतःच्या कमरेला किल्ली असलेलं.

“आधी हा तर वेळेवर जाऊ दे,” निनियन म्हणाला. “जाईल ना, गॅव्हिन?”

गॅव्हिनने रुमालाने ओठ पुसले. “छाप तयार आहे. रंग भरायचाय.”

*

वरच्या खोलीत उत्तरेकडच्या खिडकीचा पडदा एफीने अर्धाच ओढला. त्या बाजूला शेजार नव्हता, नुसती खाडी होती आणि डोलकाठ्या. तिने छाप फळीवर ताणून बसवली, कागदावरून ओला स्पंज फिरवला, मोठ्या शिंपल्यात किरमिजी रंग घेतला, डिंकाचं पाणी घातलं. किड्यांच्या रक्तासारखा लाल रंग पाण्यात पातळ होत होत गालांसारखा गुलाबी झाला.

इंग्रजांचा मुलूख दाखवणारा हा गुलाबी रंग तिच्याइतका सपाट कुणाला भरता येत नसे. रंगही छापणारे मुद्रणाचे दगड आल्यापासून हाताने रंगवणाऱ्या बायकांची कामं गेली, एफी उरली. कॅनडा तिने रंगवला होता, सिलोन रंगवलं होतं, न्यूझीलंडची दोन्ही बेटं. तिच्या नावाला नकाशाच्या कोपऱ्यातसुद्धा जागा नव्हती. तीस वर्षांची झाली, तिला मागणी घालायला एक पाववाला आला होता. आईने त्याला परत पाठवलं, ‘एफी गेली तर रंग कोण भरेल?’ म्हणून.

निळ्या कापडाचं तिला वाईट वाटलं ते यासाठी की निनियनने तिला भेट दिली नव्हती, काम दिलं होतं. घरचे सगळे तेच करत.

तरीही ती निनियनच्याच बाजूची होती. तो निदान गेला तरी. गॅव्हिन घरी राहून घराएवढाच थंड झाला होता.

“हे बघ,” निनियनने तिच्या खांद्यावरून बोट दाखवलं. मागे आई खुर्चीत बसली होती, ग्रिझेल दिव्याची वात कापत होती, गॅव्हिन दाराशी उभा होता. “किनाऱ्यापासून इथवर. मग नदीच्या दोन्ही अंगांनी वर. आणि हा सान्कोरो. दोन नद्या जिथे मिळतात तो मुलूख. हा सगळ्यात महत्त्वाचा, एफी. सान्कोरो ज्याच्या हातात, वरचं सगळं त्याच्या हातात.”

“एका दमात भरावं लागेल,” ती म्हणाली. “मध्ये थांबलं तर कड वाळून डाग पडतो. आता कुणी बोलू नका.”

तिने रुंद कुंचला बुडवला.

“सान्कोरो सोडून,” गॅव्हिन म्हणाला.

कुंचला हवेतच राहिला.

“काय म्हणालास?” निनियन वळला.

“सान्कोरो कोरा ठेव, एफी. बाकी भर.”

“का?”

मार्जरीबाईंनी सुस्कारा टाकला, तो ऐकूनच एफीला पुढचं सगळं कळलं.

“मला वाटलंच होतं,” त्या म्हणाल्या. “चार दिवस बघतेय. भाऊ सोळा वर्षांनी मरणातून परत आलाय, अन् तुझं तोंड आंबलेलं. डोळ्यांत सलतोय तो तुझ्या. लहानपणापासून सलतोय.”

“आई, मी फक्त—”

“त्याचं नाव मोठं अन् तुझं बारीक, एवढंच ना? मग गेला असतास! गेला असतास तूही!”

हे वाक्य आईने बोलायला नको होतं, हे ग्रिझेललाही कळलं. तिने कात्री खाली ठेवली आणि नवऱ्याजवळ येऊन उभी राहिली. मघाशी मोठ्या खिडक्यांचं घर बघणारी ग्रिझेल. एफीने ते पाहिलं आणि तिला ग्रिझेलचा हेवा वाटला. आपण कुणाजवळ जाऊन उभं राहायचं?

“जातो कसा?” गॅव्हिन हळू म्हणाला. “छातीत डाग होता ना माझ्या.”

“मग तोंड बंद ठेव. भर गं एफी, रंग वाळतोय.”

“बाबांनी कोरा ठेवला असता,” एफी म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही. “कारण सांग, गॅव्हिन. कारण असेल तर सांग, नाहीतर मी भरते.”

गॅव्हिनने खिशातून भिंग काढलं, समासातल्या नवव्या फुलीवर ठेवलं आणि बाजूला झाला.

एफी वाकली. फुलीची दुसरी रेघ खाली येऊन संपताना किंचित वर वळली होती. बारीक गळासारखी. ही रेघ तिने शाळेच्या पाटीवर पाहिली होती, पुस्तकांच्या पहिल्या पानांवर, भिंतीवर वाढत्या उंचीच्या खुणांपाशी. बाबा पट्टीने बोटं झोडायचे: लेखणी आहे ती निनियन, मासे धरतोयस का?

“उलटी कोरताना कळलं,” गॅव्हिन म्हणाला. “सुलट बघितली असती तर कदाचित कळलं नसतं. उलटं कोरताना हात दुसऱ्याच्या हातामागून चालतो. त्या आठ जणांच्या मागून चाललो, ओळखीचं कुणी भेटलं नाही. नवव्याच्या मागून गेलो, तर आपल्याच घरी आलो.”

“गुरुवारपासून ठाऊक होतं तुला?” ग्रिझेल कुजबुजली. “मग बोलला का नाहीस?”

“काय बोलू? सगळे म्हणाले असते, जळतो म्हणून बोलतो.” त्याने भिंग उचलून खिशात ठेवलं. “आणि ते खरंच आहे. मी जळतोच. गुरुवारी ते दिसलं तेव्हा मला आधी आनंद झाला, ग्रिझेल. म्हणून तर बोललो नाही.”

*

निनियन हसला. तापातून उठलेल्या माणसाचं हसू, दातांपर्यंतच पोचणारं.

“असू दे,” तो म्हणाला. “मारली मी. काय बिघडलं? फ्रेंचांचं निशाण दोन दिवसांच्या वाटेवर होतं. मी नसती मारली तर त्यांच्या माणसाने मारली असती, आणि त्याला तर फुलीची फिकीरही नव्हती, बंदुका होत्या. निदान माझ्या सहीमागे दारू पाजून फसवलेला कुणी नव्हता.”

“कुणीच नव्हता,” एफी म्हणाली.

“होता! होता एक. सान्कोरोचा म्हातारा सरदार.” निनियन खिडकीकडे वळला. बाहेर एका जहाजाची शिडं उतरवत होते. सांगू नये असं त्याला वाटलं, पण हे सांगायला आजवर घरचं माणूसच मिळालं नव्हतं. “मी सहा दिवस त्याच्या अंगणात बसलो. कापड दिलं, आरसे दिले, राणीचा फोटो दिला. त्याने सगळं बाजूला ठेवलं आणि दुभाष्याला म्हणाला, याला विचार, याच्या घरी याचं शेत नाही का?”

ग्रिझेलने गॅव्हिनकडे पाहिलं.

“मी म्हटलं, आमच्याकडे घरदार थोरल्याला जातं. तर तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, अस्सं. म्हणजे तू धाकटा. आणि हसला, एफी. वाईट नाही हसला. कीव करून हसला. बायकांना सांगितलं, या पोराला जेवायला घाला. सगळं अंगण हसत होतं. मी जेवलो आणि तंबूत येऊन त्याच्या नावापुढे फुली मारली.”

“म्हणून?” गॅव्हिन म्हणाला. “तो हसला म्हणून?”

“तू नको विचारू! तू तर नकोच!” निनियन गर्रकन वळला. “तुझ्याकडे घर आहे. बाबांच्या कोरण्या आहेत, त्यांच्या मुठीसुद्धा तुझ्या तळव्याच्या मापाच्या झाल्यात. बाबा गेले तेव्हा तू त्यांच्या उशाशी होतास, मला पत्र सात महिन्यांनी मिळालं. बायको आहे, बाजूला येऊन उभी राहते. आणि दर ऑक्टोबरला... हसू नकोस... दर ऑक्टोबरला ही बाई तुझ्या छातीला चरबी चोळते. मला एकदा तरी चोळली? एकदा? तिकडे ताप चढला की मला त्या घाण चरबीचा वास यायचा, आणि वाटायचं, आपण नुसतं आजारी पडायला हवं होतं.”

“मी दोन्ही फुप्फुसं दिली असती,” गॅव्हिन म्हणाला. “त्या जहाजाच्या फळीवर एक सकाळ उभं राहायला. तुला कप्तान रँकिन किनाऱ्यांच्या मोजणीच्या जहाजावर घेऊन गेले त्या दिवशी मी धक्क्यावर आलो नाही, आठवतं? तू म्हणालास थंडी होती म्हणून. मी कारखान्यात होतो. बाबांनी दाराला बाहेरून कडी घातली होती, मी जहाजावर चढेन म्हणून.”

निनियनला हे ठाऊक नव्हतं. एक क्षण त्याचा राग पायरी चुकलेल्या माणसासारखा झोकांडला. पण उद्या सकाळची गाडी होती, आणि सान्कोरो कोरा गेला तर टेबलाभोवतीचे सगळे त्या पांढऱ्या डागावरच बोट ठेवणार होते. मग ना नाव, ना पदक, ना परत यायला कारण. मग तो कोण? सोळा वर्षं घराबाहेर राहिलेला एक धाकटा.

“भर, एफी.”

एफीने कुंचला स्वच्छ पाण्याच्या वाटीत बुडवला. गुलाबी धागा पाण्यात सुटला, फिरला, विरला. “नाही भरणार,” ती म्हणाली. “सिलोन भरलं, कॅनडा भरला, कुणी मला विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. हा नाही भरणार.”

“मग मी भरतो.”

त्याने तिच्या हातून कुंचला हिसकला, रंगाच्या शिंपल्यात गच्च बुडवला आणि नकाशावर वाकला. एक थेंब सुटला आणि समुद्रात पडला.

तेवढ्यात त्याच्या मनगटाला कुणीतरी धरलं.

आई होती. खुर्चीतून ती कधी उठली ते त्याला कळलंही नव्हतं. सत्तरीच्या बाईच्या बोटांत एवढं बळ असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्या बोटांना चरबीचा मंद, खारट वास होता. सोळा वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळून.

“ठेव तो,” ती म्हणाली.

“आई, तूच म्हणालीस ना भर म्हणून?”

“म्हणाले. आता ठेव म्हणतेय. तो मुलूख तुझा नाही, निनियन.” तिने त्याच्या मुठीतून कुंचला काढून घेतला, पण मनगट सोडलं नाही. “ते जहाजही तुझं नव्हतं.”

“म्हणजे?”

मार्जरीबाई गॅव्हिनकडे बघत नव्हत्या. त्या खिडकीकडे बघत होत्या, अर्ध्या पडद्याखालून दिसणाऱ्या पाण्याकडे. “कप्तान दुकानात आला तेव्हा तुम्ही दोघंही नव्हता. तुमचे बाबा कागदाच्या गिरणीत गेले होते. त्याच्या हातात एक नकाशा होता, ऑर्कनीचा. म्हणाला, बाई, हा ज्या पोराने कोरलाय तो मला हवा. थोरला. असा हात मी उभ्या जन्मात पाहिला नाही, तो मला जहाजावर हवा.”

निनियनच्या कानात काहीतरी वाजू लागलं, तापात वाजायचं तसं. “माझं नाव घेतलं होतं त्याने. तू सांगितलंस मला. नाव घेऊन विचारलं म्हणालीस.”

“मी सांगितलं.”

“मग मला का पाठवलंस?”

“तो दोघांतल्या एकाला घेऊन जाणारच होता. रिकाम्या हाताने जाणारा माणूस नव्हता तो.” तिचं तोंड वेडंवाकडं झालं, पण आवाज सरळ राहिला. “जो गेला तरी मी जगेन असं वाटलं, तो दिला.”

ग्रिझेलने तोंडावर हात ठेवला. एफी स्टुलावर बसली. निनियनने आपलं मनगट सोडवायचा प्रयत्न केला नाही. उलट, धरून ठेवलेली ती बोटं सुटू नयेत असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटल्याची त्याला शरम वाटत होती.

“पण आई,” दाराशी गॅव्हिन म्हणाला. त्याचा हात नकळत गळपट्टीत गेला होता, फ्लॅनेलच्या लाल कडेवर. “मला तसंही जाता आलं नसतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना तुला. मी बाहेर बाकावर बसलो होतो, तू आतून आलीस आणि...”

तो थांबला.

मार्जरीबाईंनी निनियनचं मनगट सोडलं. खिडकीपाशी जाऊन त्यांनी पडदा पूर्ण वर ओढला. रविवारच्या दिवशी, सगळ्या खाडीदेखत. ऑक्टोबरचं फिकट ऊन नकाशावर पडलं, ओल्या कागदावर, समुद्रातल्या त्या गुलाबी थेंबावर, दोन नद्यांमधल्या कोऱ्या जागेवर. मग त्या वळल्या, आणि थोरल्या मुलाकडे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

“साधी सर्दी होती, गॅव्हिन,” त्या म्हणाल्या. “तुझ्या छातीला कधीच काही झालं नव्हतं.”